लग्नाचा अल्बम आहे, पण साध्या मंगळवारचं काय?

बहुतेक मराठी घरांत लग्नाचे दोन-तीन जाडजूड अल्बम असतात, मुंज-बारशाचे फोटो असतात, आणि मोबाइलमध्ये दर वर्षी गणपतीसमोर उभं राहून काढलेला तोच एक फोटो असतो. सगळे नव्या कपड्यांत, सगळे कॅमेऱ्याकडे बघत. आजी ओट्यापाशी कशी उभी राहायची, आजोबा पेपरची घडी कशी घालायचे, जेवायला कोणाचं पान कुठे मांडलं जायचं, यातलं काहीच त्यात सापडत नाही. सणासुदीला फोटो काढणारे ढिगाने असतात, साध्या दिवसाला कुणी विचारत नाही. म्हणून इथे भर त्या साध्या दिवसावर आहे: आपला रोजचा दिवस टिपायचा कसा, मागच्या पिढीचा त्यांच्याकडून काढून घ्यायचा कसा, आणि हे सगळं वीस वर्षांनी उघडेल अशा रीतीने ठेवायचं कसं.

कामाचा क्रम आधी ठरवा. उत्साहाच्या भरात लोक पहिल्यांदा स्कॅनर विकत घेतात आणि महिनाभर फोटो स्कॅन करत बसतात. फोटो आणखी दोन वर्षं थांबतील. ऐंशी ओलांडलेली आत्या थांबेलच असं नाही, आणि त्या फोटोत मागे उभा असलेला टोपीवाला कोण, हे फक्त तिलाच माहीत आहे. तेव्हा आधी माणसं, मग कॅसेटी, मग फोटो आणि कागद.

आजचं आज: कॅलेंडरची चौकट

‘मी रोज डायरी लिहीन’ हा संकल्प संक्रांतीपर्यंत टिकतो. त्यापेक्षा घरात आधीपासून चालू असलेल्या सवयीवर स्वार व्हा. कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून कितीतरी घरांत त्याच्या चौकटींत दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, पेपरवाल्याचे पैसे असं काहीबाही लिहिलं जातं. जुनं कॅलेंडर हाती लागलं तर टाकू नका. ‘१ लि. जादा’ असं सलग चार दिवस दिसलं की त्या आठवड्यात घरी पाहुणे होते हे कळतं. कोण होते, ते आईला विचारता येतं.

त्याच चौकटीत रोज एक ओळ लिहायची. पेन दोरीने कॅलेंडरलाच बांधून ठेवा, नाहीतर ते कधीच जागेवर सापडणार नाही. आणि ओळ भावनेची नको, घटनेची हवी. ‘आज छान दिवस गेला’ यातून पुढे कुणाला काही कळणार नाही. ‘बाबा मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी वाद घालून आले आणि शेवटी तीन जुड्या घेऊन आले’ ही ओळ तीस वर्षांनीही बाबांना समोर उभं करेल. शक्य असेल तिथे बोललेलं वाक्य जसंच्या तसं घ्या, आणि भाव लिहा. नारळ कितीला मिळाला, रिक्षाने किती घेतले, याची पुढे भलतीच गंमत वाटते.

वर्ष संपलं की बारा पानांचे, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे आणि कॅलेंडर सपाट ठेवायचं. गुंडाळी केली की घड्यांवर शाई आधी जाते.

घरातल्या सगळ्यांनी लिहावं असा आग्रह धरू नका. एक जण नेमाने लिहितो, दुसरा त्यात चुका काढतो, एवढ्यावर काम चालतं. चुका काढणाऱ्याची दुरुस्तीही शेजारीच लिहा.

आजी-आजोबांना बोलतं करणं

मोबाइलमधला साधा रेकॉर्डर पुरतो. तो विमान मोडवर टाका, म्हणजे मध्येच फोन येणार नाही. त्यांच्यापासून वीतभर-हातभर अंतरावर, घडी घातलेल्या नॅपकिनवर ठेवा. उघड्या टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक ठोका ऐकू येतो. पंखा बंद करा. पंख्याची घरघर आपल्या कानाला सरावाने जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र दुसरं काही ऐकू येत नाही. दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐकून बघा, मगच बसा. सुरुवातीला स्वतः तारीख, गाव, आणि समोर कोण बसलंय ते नाव-नात्यासह बोला. फायलीचं नाव पुढेमागे बदलेल, पण आवाजातच सांगितलेली तारीख पुसली जात नाही.

अर्धा-पाऊण तास पुष्कळ झाला. दुपारच्या चहानंतरची वेळ चांगली. त्यांना रेकॉर्ड करतोय हे सांगूनच करा. लपवून केलेलं रेकॉर्डिंग पुढे घरात वांधे करतं.

आता प्रश्न. ‘तुमचं बालपण कसं होतं?’ असं विचारलंत की उत्तर येतं, ‘कसलं बालपण, गरिबी होती,’ आणि विषय मिटतो. मोठ्या प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं. लहान, बोट ठेवता येईल असं विचारा. सकाळी पहिलं कोण उठायचं? चूल कोण पेटवायचं, आणि पावसाळ्यात ओली लाकडं पेटायची कशी? पाणी कुठून यायचं, आडाचं की नळाचं, आणि किती खेपा? रात्री कंदिलाच्या काचा पुसायचं काम कोणाकडे? रॉकेलच्या रांगेत कोणाला उभं करायचे? पहिल्या पगारातून घरी काय आणलं? मार कोणाच्या हातचा जास्त बसायचा? शेवटच्या प्रश्नावर तर सत्तरीचे भाऊ-बहीण अजूनही एकमेकांवर ढकलतात, आणि तेच ऐकायचं असतं.

ते बोलताना दुरुस्त करू नका. ‘नाही हो आजोबा, ते साल वेगळं’ असं एकदा म्हटलंत की माणूस सावध होतो आणि पुढचं मोजून-मापून बोलतो. तारखांचं नंतर बघू.

परदेशात किंवा दूर शहरात असलेल्या नातवंडांनी इथे हातभार लावावा. घरातल्या माणसाला ‘तुला माहितीये की’ म्हणून जे सांगितलं जात नाही, ते न्यू जर्सीतल्या नातीला व्हिडिओ कॉलवर अगदी पहिल्यापासून सांगितलं जातं. नातीने विचारायचं, इथे शेजारी बसलेल्याने दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायचं.

पुढे लिहून काढताना भाषा सुधारू नका. आजी ‘व्हतं’ म्हणाली तर ‘व्हतं’च लिहा, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी जे असेल ते तसंच. मोबाइलमधल्या जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करता येतं, त्यावर कच्चा मसुदा होतो, पण ते यंत्र बोलीला प्रमाण भाषेची इस्त्री करतं, म्हणून तो मसुदा मूळ आवाजाशी ताडून बघावा लागतो. आणि जमिनीची भांडणं, मोडलेली लग्नं, कोणी कोणाचे पैसे बुडवले, असं काही आलं तर तो भाग वेगळ्या फायलीत ठेवा. फॅमिली ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.

घराचा नकाशा काढायला लावा

मला विचाराल तर या सगळ्यातला सर्वांत फळणारा भाग हा आहे. कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू घ्या, पेन्सिल घ्या, आणि जुन्या घराचा नकाशा तुम्हीच काढायला लागा, शक्यतो चुकीचा. ‘इथे दार असेल ना?’ म्हटलं की समोरचा माणूस पेन्सिल हिसकावून घेतो. मग पडवी येते, ओटी येते, माजघर, त्यातला अंधारा कोपरा, धान्याची कणगी, देवघर, मागचं परसू, न्हाणीघराचा दगड. चाळीतलं घर असेल तर गॅलरी, मोरी, आणि कॉमन नळावर कोणाचा नंबर कितवा. प्रत्येक जागेवर बोट ठेवून एकच विचारायचं: इथे कोण झोपायचं? त्या उत्तरात घरातल्या मानाची उतरंड, पाहुण्यांची सोय, बाळंतिणीची खोली, सगळं येतं. आमच्याकडे काकांनी काढलेल्या नकाशावर आत्याने लाल पेनाने गोठा उचलून दुसऱ्या बाजूला नेला, आणि दोघं तासभर म्हशींच्या नावांवरून भांडले. तो कागद दोन्ही खुणांसकट ठेवलाय. कोणाचं बरोबर, हे ठरवायची गरज वाटली नाही.

नकाशा चालू असताना रेकॉर्डर चालू ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

हात चालू असताना बोला

पुष्कळ आठवणी जिभेपेक्षा हातात असतात. ‘ओव्या म्हणा’ असं सोफ्यावर बसवून सांगितलं तर आजीला ‘पहिली माझी ओवी’च्या पुढे आठवत नाही. शेंगा सोलताना, गोधडीला टाके घालताना, निवडण-टिपण करताना आपोआप सुचतं. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा करण्याचं काम हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून उभं केलं. त्यातल्या अनेक आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात वाचता-ऐकता येतात. त्यातली एखादी आजीला ऐकवा. ‘आमच्यात असं नाही म्हणत’ असं म्हणून ती तिची म्हणायला लागेल.

पाककृतींचंही तेच. ‘अंदाजाने’ हे माप वहीत उतरत नाही, आणि जुन्या बायकांची मापं म्हणजे मापटं, शेर, पायली. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हा हिशेब कळला तरी त्यांचं मापटं म्हणजे कोणतं भांडं हे बघावंच लागतं. सोपी युक्ती अशी: करायला घेण्याआधी पिठाचा, गुळाचा, तेलाचा डबा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या, पदार्थ झाल्यावर परत ठेवा. जी घट आली ते प्रमाण. बाईंच्या कामात कुठेही लुडबुड होत नाही. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्याही अशाच मोजता येतात, फक्त काटा ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा हवा. व्हिडिओ काढलात तर चेहऱ्याचा नको, हातांचा काढा. पुरणपोळी कडेपर्यंत लाटताना तळव्याचा भार कुठून कुठे सरकतो ते लिहून समजत नाही.

साल कसं ठरवायचं

जुन्या माणसांच्या कागदोपत्री जन्मतारखेवर फार भिस्त ठेवू नका. १ जून ही तारीख दिसली तर ती बहुधा शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली असते. खरं वय काढायला घटनांचा आधार घ्यावा लागतो. ‘तेव्हा तू केवढी होतीस?’ यापेक्षा ‘बहात्तरच्या दुष्काळात तू खडी फोडायला जायचीस की अजून शाळेत होतीस?’ असं विचारा. दुष्काळात वाटलेली सुकडी आणि लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) खाल्लेली माणसं ती चव विसरलेली नाहीत. पुणेकरांसाठी पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. साताऱ्या-कोकणाकडच्यांसाठी कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. गोव्याला मुक्तीचा दिवस, १९ डिसेंबर १९६१. गिरणगावाला जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला संप. मराठवाड्याला किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. आणे जाऊन नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ पासून. ‘आम्ही आण्याची भेळ खायचो’ म्हणणाऱ्याला विचारून बघा, तेव्हा शाळा कितवी.

जुन्या लग्नपत्रिकेवर इंग्रजी साल फाटलेलं किंवा मुळातच नसेल तर शके वाचा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौष ते फाल्गुन या महिन्यांत लग्न असेल तर बहुतेक वेळा ७९ मिळवावे लागतात. माघ शके १८९० म्हणजे १९६९ ची सुरुवात. पत्रिका फेकायच्या नाहीतच, कारण खालच्या ‘आपले नम्र’मध्ये सगळं गणगोत एका जागी सापडतं.

आणि भांडी वाचा. स्टीलच्या डब्यावर, पितळी पातेल्यावर, तांब्यावर नाव घालायची पद्धत होती. कोणाच्या लग्नात कोणाकडून, कोणत्या तारखेला, हे टोचून लिहिलेलं असतं. माळ्यावरची भांडी मोडीत काढण्याआधी त्या अक्षरांचे फोटो काढा. अक्षर पुसट असेल तर बॅटरीचा उजेड अगदी आडवा, बाजूने पाडा. खोलगट रेघा उठून दिसतात. आहेराच्या वहीतही असंच घबाड असतं.

स्त्रियांची नावं लिहिताना माहेरचं आणि सासरचं, दोन्ही लिहा. लग्नात नाव बदललेली आजी पुढे वंशावळीत दोन वेगळ्या बायका होऊन बसते. त्याहून मागे जायचं असेल तर गावच्या जमिनीचे जुने फेरफार बघा, त्यात वारसांची नावं असतात; काही जिल्ह्यांचे महसूल विभागाच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत पणजोबांची सही सापडलेली माणसं आहेत. जुने कागद मोडी लिपीत असतील तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडी जाणणाऱ्यांची माहिती मिळू शकते.

कॅसेटी, फोटो, कागद

व्हीएचएस कॅसेटी माळ्यावर असतील तर आता वेळ दवडू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी २०१६ मध्येच थांबली, जुनी यंत्रं दुरुस्त करणारे कमी होत चाललेत. खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट घरी लावून बघू नका, यंत्रही खराब होतं आणि दुसऱ्या कॅसेटीलाही लागण होते. डिजिटल करून देणाऱ्याला आधी तसं सांगा.

फोटोंत सगळ्यांत घातक तो चिकट पानांचा, वर प्लास्टिकचा कागद असलेला अल्बम. डिंक पिवळा पडून फोटोत उतरतो. फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा रेशमी दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवा. तरीही सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर काढायचाच नाही, काचेतूनच स्कॅन करून घ्यायचा.

पोस्टकार्डाएवढ्या फोटोला स्कॅनरची बारकाई ३०० डीपीआय ठेवली तरी चालेल, पण पासपोर्ट आकाराच्या किंवा गर्दीच्या ग्रुप फोटोला ६०० ठेवा, म्हणजे चेहरे मोठे करता येतात. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, कोणाचं तरी हस्ताक्षर तिथेच असतं. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल फोटोला समांतर धरून काढा. नावं लिहायची तर मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने; बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

कशालाही लॅमिनेट करू नका. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला ‘टिकावा म्हणून’ लॅमिनेट केला की तो त्या प्लास्टिकमधून कधी सुखरूप बाहेर येत नाही. ठेवायची जागा माळा नको, बाथरूमची भिंत नको. कोरडं कपाट, सिलिका जेलच्या पुड्या, आणि डांबरगोळ्या दूर. कोकणात पावसाळा संपला की सगळं एकदा उघडून सावलीत वारा द्या.

निवडायचं कधी आणि ठेवायचं कुठे

मोबाइलमध्ये हजारो फोटो असणं म्हणजे एकही न सापडणं. महिन्यातून एकदा निवड करावीच लागते. ज्यांच्याकडे संकष्टी आहे त्यांना वेळ आयतीच मिळते: चंद्रोदयाची वाट बघत, पोटात कावळे ओरडत असताना काहीतरी हातात हवंच असतं. उपास नसणाऱ्यांनी वीजबिलाचा दिवस धरावा. महिन्याचे दहा-बारा ठेवायचे, त्यात निम्मे तरी असे की कुणी पोज दिलेली नाही. दारातल्या चपला, फ्रीजवरच्या चिठ्ठ्या, वर्षातून एकदा प्रत्येक खोलीचा आहे तसा, पसाऱ्यासकट फोटो. वर्षाअखेरीस त्यातले पन्नासेक छापून घ्या. छापलेल्या फोटोला पासवर्ड लागत नाही.

फायलीचं नाव सालापासून सुरू करा: ‘१९६९-०२ आत्याचं लग्न कराड’. ‘आयएमजी’ आणि पुढे आकडे, यातून कुणालाच काही कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो आक्रसतो. वडीलधाऱ्यांचे व्हॉइस मेसेज त्याच दिवशी बाहेर काढून ठेवा. ‘पोचलीस का गं, फोन कर’ एवढाच असला तरी. फोन बदलताना पहिला बळी त्यांचाच जातो.

प्रती तीन हव्यात: एक संगणकावर, एक हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. हार्ड डिस्क दुसऱ्या गावी, भावाकडे-बहिणीकडे ठेवलीत तर उत्तम. सीडी-डीव्हीडीवर विसंबू नका. त्या पडून पडून खराब होतात आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हही नसतो. गूगलचं खातं दोन वर्षं वापरात नसेल तर त्यातला मजकूर पुसण्याचं धोरण कंपनीने २०२३ मध्ये आणलं. आजोबांच्या जुन्या खात्यात फोटो असतील तर कुणीतरी अधूनमधून लॉगिन करत राहा. आपल्यामागे त्यातला मजकूर घरच्यांना मिळावा म्हणून स्वतःच्या गूगल खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये घरातल्या एकाचं नाव घाला, आयफोन असेल तर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’मध्ये.

राहता राहिला प्रश्न पुढे सांभाळणार कोण. थोरल्याकडे जायलाच हवं असं नाही. ज्याला यात रस आहे त्याच्याकडे जावं, मग ती लग्न होऊन गेलेली पुतणी का असेना. तिला आत्ताच बोलवा, कपाटात काय कुठे आहे ते दाखवा, पासवर्ड एका वहीत लिहून वहीची जागा सांगा. दिवाळीच्या साफसफाईत डिस्क एकदा जोडून दोन-चार फायली खरोखर उघडतात का ते बघायचं काम तिचं. उघडल्या नाहीत तर नवी डिस्क घ्यायची आणि उरलेल्या दोन प्रतींपैकी एकीवरून सगळं परत भरायचं.